शुबिनने सोडलेला डाव

वेन्यामिन अर्काद्येविच शुबिन ग्रँडमास्टर होता, पण आमच्या पेर्मच्या कारखान्यात त्याची नोंद फिटर अशी होती. सोव्हिएत काळात बुद्धिबळपटूंना तसंच पोसलं जाई. त्याने पाना कधी हातात धरला नाही आणि आम्हा हिशेब विभागातल्या लोकांना त्यात वावगं वाटलं नाही. आपल्या गावचा माणूस परदेशात खेळावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

ती संधी त्याला चाळिशीत आली. निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मॉस्कोच्या तरुण रोदिओन बेल्स्कीला हरवलं की स्वीडनच्या स्पर्धेतली जागा पक्की. त्या सकाळी न्याहारीला क्रीडा समितीचा त्यूरिन शेजारी येऊन बसला.

"वेन्या, आज पोराला जिंकू दे."

"का म्हणून?"

"तो उद्या जगज्जेता होईल. तू होणार आहेस? पुढच्या वर्षी तुला पाठवतो. माझा शब्द."

"आणि नाही ऐकलं तर?"

"पासपोर्ट कोणाच्या हातात असतो, ते तुला ठाऊक आहे. लापशी खा, गार होतेय."

शुबिनने जिंकत आलेल्या डावात हत्ती फुकट दिला.

"शब्द म्हणे!" त्याची बायको रिम्मा घरी कडाडली. "त्याचं काय लोणचं घालू?"

पुढच्या वर्षी निवडीच्या बैठकीत त्यूरिनच उठला. "शुबिन आता संपला. गेल्या वर्षी हातातला डाव घालवला, तोही हत्ती फुकट देऊन. असा माणूस देशातर्फे पाठवायचा?"

शुबिन समोरच बसला होता. खरं बोलावं, तर डाव मुद्दाम सोडल्याची कबुली द्यावी लागणार. ती त्याने दिली नाही. त्यानंतर त्याची निवड कधीच झाली नाही.

बेल्स्की काही जगज्जेता झाला नाही. नाव मात्र झालं. बऱ्याच वर्षांनी तो आमच्या कारखान्याच्या क्लबात आला आणि भिंतीवरच्या मोठ्या पटावर नेमका तोच डाव दाखवू लागला. "इथे शुबिन दडपणाखाली कोसळला."

शुबिन उठला. "कोसळलो नाही. मला हरायला सांगितलं होतं."

बेल्स्की हसला. "वेन्यामिन अर्काद्येविच, हरलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलंच असतं!"

सभागृह खदखदून हसलं. शुबिन पटापाशी गेला आणि जिंकायच्या चाली एकेक करून लावल्या. सगळ्या बिनचूक होत्या.

"मग तेव्हा का नाही खेळलात, आजोबा?" मागून कोणीतरी ओरडलं.

रिम्माने त्याची बाही ओढली. तो कोट घेऊन बाहेर पडला, तेव्हा आमच्यातले निम्मे बेल्स्कीची सही घ्यायला रांगेत उभे होते.