बहिऱ्यांचा गोंगाट, सल्लागारांचे कान

सरकारी सल्लागार मंडळावर बसलात की सल्ले थोडे आणि किस्से फार जमतात. सल्ला फायलीत जातो, फाईल मद्रासला जाते, आणि दोघांचं पुढे काय होतं ते कोणाला कळत नाही. किस्सा मात्र तुमच्याबरोबर घरी येतो आणि पानावर बसतो. माझ्याकडे असे इतके साठले की बायको म्हणाली, "एक तर लिहून टाका, नाहीतर मंडळ सोडा." मी मंडळ सोडणार नव्हतो. ते सोडावं म्हणून तर सगळे टपून बसले होते!

मंडळ होतं मुक्या-बहिऱ्या आणि आंधळ्या मुलांच्या शिक्षणासाठी. मी आयुष्यभर वार्ताहर. या मुलांसाठी सरकार काही करत नाही, असं मी वर्तमानपत्रात इतक्या वेळा लिहिलं की शेवटी मलाच मंडळावर घेतलं. अध्यक्ष सेतुमाधवराव, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आमच्यासारखेच तंजावरी मराठी. ते म्हणाले, "किती दिवस बाहेरून ओरडणार? आत येऊन बसा."

म्हटलं, "बसतो. पण आत बसूनही ओरडता येतं बरं का!"

*

पहिल्याच बैठकीत मी सूचना मांडली की मंडळावर एक तरी बहिरा माणूस घ्यावा. बहिऱ्यांबद्दल ठरवायचं आणि त्यांच्यातला एकही नाही, हे बरं दिसत नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"अहो, पण त्याला इथली चर्चा ऐकू कशी येणार?"

मी म्हटलं, "इथे कोण कोणाचं ऐकतंय?"

सूचना फेटाळली गेली. एकमताने! माझं मत मोजलंच नाही.

*

आता मुद्द्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

मराठ्यांच्या काळात यात्रेकरूंसाठी बांधलेलं एक छत्रम्, म्हणजे धर्मशाळा, आमच्या कुंभकोणमात आहे. त्यातल्या एका मोठ्या खोलीत अलमेलु टीचर बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवायच्या. डझनभर मुलं, बहुतेक मुली. जवळपास कुठेही दुसरी सोय नाही. खोली नगरपालिकेची. मंडळाने शिफारस केली तर वर्गाला मान्यता आणि खोली पक्की. नाही केली तर खोली रिकामी करायची आणि मुलांनी घरी जाऊन बसायचं. बस्स, एवढाच प्रश्न. पण एवढ्या प्रश्नावर मंडळ वर्षभर खल करत होतं!

खोलीला लागून गणपतरावांचं पितळी भांड्यांचं दुकान. मागच्या अंगणात दिवसभर घागरी ठोकायचं काम. गणपतराव अध्यक्षांचे सख्खे साडू, आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून मंडळावर. त्यांनी तक्रार केली: "या मुलांच्या गोंगाटामुळे धंद्यावर परिणाम होतो."

पितळ ठोकणाऱ्याने बहिऱ्यांच्या गोंगाटाची तक्रार केली! आणि अध्यक्षांनी ती दाखल करून घेतली!

अलमेलु टीचरना खुलाशासाठी बोलावलं. सुती साडी, बारीक चण, आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, "खरं आहे, सार. आमची मुलं खेळताना ओरडतात. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. पण त्यांनी कधी यांच्या ठोकपिटीबद्दल तक्रार केली आहे का?"

*

मग आले एक प्रोफेसर. परदेशात बहिऱ्यांचं शिक्षण शिकून आलेले. मद्रासहून आम्हाला ज्ञान द्यायला पाठवलेले. त्यांचं म्हणणं असं की बहिऱ्या मुलांनी हातवारे करता कामा नयेत. हातवारे हे रानटीपणाचं लक्षण. हात पाठीमागे बांधून ओठ वाचायला शिकवलं पाहिजे.

हे त्यांनी चांगलं तासभर सांगितलं. "रानटीपणा" म्हणताना दोन्ही हात आभाळाकडे, "शिस्त" म्हणताना मूठ टेबलावर, "प्रगती" म्हणताना उजवा हात थेट पंख्यापर्यंत! शेजारच्या सभासदाचा चष्मा दोनदा पडला.

शेवटी, ऐकायला बोलावलेल्या अलमेलु टीचर उभ्या राहिल्या. "सार, फार उपयोगी सांगितलंत. थोडक्यात एकदा पुन्हा सांगाल? फक्त हात मागे धरून."

प्रोफेसरांनी हात मागे धरले. तोंड उघडलं. "बहिऱ्या मुलांना..." एवढं म्हणाले आणि थांबले. खांदे हलले, कोपर हलले, शब्द काही येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले.

"घरी पोचलात की लिहून पाठवा," टीचर म्हणाल्या.

*

आंधळ्या मुलांचा किस्सा छोटा आहे. त्यांच्या शाळेला साहित्य मंजूर झालं. आम्ही सगळे खूश. पेटारा उघडला. आत काय? भिंतीवर टांगायचे रंगीत नकाशे!

मी उसळलो. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "शाळेला पाहुणे येतात ना? त्यांना दिसतील."

हे मी दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापलं. अध्यक्ष संतापले. "मंडळातलं बाहेर का नेलंत?"

"बाहेरचं काही आत येईना, म्हणून आतलं बाहेर नेलं."

*

चोळपुरम् हे गावाच्या उत्तरेला असलेलं खेडं. तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा टीचरच्या वर्गात यायचा. वर्ग ठेवावा की नाही याबद्दल पालकांचं म्हणणं ऐकायचं ठरलं, आणि कचेरीने इंग्रजीत नोटीस धाडली: अमुक वारी तुमच्या बहिऱ्या मुलाबाबत 'हिअरिंग' होईल.

गावच्या पोस्टमास्तरने नोटीस वाचली, शब्दाचा अर्थ नीट लावला आणि सांगितलं, "तुझ्या पोराला सरकार ऐकण्याची शक्ती देणार आहे!"

बाप पोराला घेऊन बैलगाडीने आला. पोराला न्हाऊ घातलेलं, कपाळाला विभूती, अंगात नवा सदरा. बरोबर आजी, आत्या, शेजारी. अध्यक्षांसाठी केळ्यांचा घड.

गैरसमज लक्षात आला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हिअरिंग म्हणजे आम्ही तुमचं ऐकून घेणार."

बापाने पोराला पुढ्यात उभं केलं. मग म्हणाला, "बरं सामी, ऐका तर." आणि तो सांगायला लागला. पोरगं आधी गुरांमागे नुसतं भटकायचं, आता आईचं नाव लिहितं. वर्ग बंद झाला तर पुन्हा गुरांमागेच जाईल...

इतक्यात अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "झालं, झालं. समजलं. पुढचे कोण?"

बाप पोराकडे वळला. आपल्या कानाला बोट लावलं, मग अध्यक्षांकडे दाखवलं आणि पंजा हलवला: यांनाही ऐकू येत नाही!

पोरगं खदखदून हसलं.

इतिवृत्तात नोंद झाली: "पालक व पाल्य समाधानाने परतले." केळी कोणी खाल्ली ते इतिवृत्तात नाही.

*

या मंडळाचं करणार काय? मी भांडलो, लिहिलं, पुन्हा भांडलो. अध्यक्ष मला खाजगीत "आपल्यातला शत्रू" म्हणायचे. म्हणोत! तो वर्ग आजही त्याच खोलीत भरतो. कसा, ते सांगतो आणि थांबतो.

निकाल लागत नाही म्हणून मद्रासहून डायरेक्टर साहेब स्वतः तपासणीला आले. तमिळ गृहस्थ, स्वभावाने मिश्किल. ते खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले, मुलं समोर चटईवर. मी दारात. अध्यक्ष आणि गणपतराव पलीकडे खिडकीपाशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते.

आता आम्हा तंजावरी मराठी लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो. पण गुपित सांगायचं झालं की भर बाजारात मराठीत सांगतो. आजूबाजूला कोणाला कळतंय, हा भरवसा! आमची मराठी ऐकून पुण्याचा माणूस हसेल, पण कुंभकोणमात ती आमची तिजोरी आहे.

डायरेक्टरांनी विचारलं, "टीचर, या मुलांना ओठांवरून खरंच कळतं?"

"कळतं, सार."

"मग त्या दोघांचं काय चाललंय ते लिहायला सांगा बघू." आणि त्यांनी मला डोळा मारला.

टीचरनी यमुनाला खूण केली. यमुना गावातल्याच मेलकावेरी भागातली, बारा-तेरा वर्षांची. लहानपणी तापात कान गेले. वर्गात शिकली ती तमिळ अक्षरं, पण तापाच्या आधी आईकडून उचललेली आणि अजूनही आईच्या ओठांवर रोज वाचलेली भाषा मराठी. मंडळाने तिच्यावर वर्षभर ठराव केले. तिच्या घरी काय बोलतात हे एकानेही विचारलं नव्हतं!

ती खिडकीकडे बघत राहिली. मग खडू घेऊन फळ्यावर मोठ्या तमिळ अक्षरांत एक ओळ लिहिली.

डायरेक्टर अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले. "कुलूप् लाविल्यावरि... तुम्सी पाण्डी... इत्तेंस् टेवू." त्यांनी कपाळाला आठी घातली. "पाण्डी? म्हणजे पाँडिचेरी का?"

तमिळ लिपीत भ नाही, थ नाही, ठ नाही, आणि च वाचताना स होतो. मी मनातल्या मनात वाचलं: कुलूप लाविल्यावरि तुमची भांडी इथेच ठेवू. म्हणजे खोली साडूच्या गोदामासाठी हवी होती तर!

खिडकीपाशी दोघांचं बोलणं थांबलं होतं. गणपतराव फळ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पितळेसारखा पिवळा झाला होता.

"मिस्टर चेअरमन," डायरेक्टर म्हणाले, "ही कुठली भाषा?"

"मराठी, सर. आमच्या... आमच्या घरातली."

"असं! मुलीने बरोबर लिहिलंय?"

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"बरोबर आहे, सर."

"वा! आणि अर्थ काय?"

अध्यक्षांनी उपरण्याने मान पुसली. "प्रार्थना आहे, सर. या मुलांसाठी." गणपतरावांनी घाईघाईने हात जोडले.

डायरेक्टर खुर्चीतून उठले. त्यांनीही हात जोडले. ते पाहून चटईवरची सगळी मुलं उठली आणि त्यांनी हात जोडले. "मग पुरी म्हणा ना," डायरेक्टर म्हणाले. "आम्हीही ऐकतो."

अध्यक्षांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अलमेलु टीचर पुढे झाल्या आणि नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाल्या,

"सावकाश म्हणा, सार. मुलांना ओठ दिसले पाहिजेत."