विजीआत्याची पंगत आणि पापनाशमची मॅच

आमच्या विजीआत्याला ऑफसाइड म्हणजे काय ते आजही कळत नाही, आणि फुटबॉल क्लब तीच चालवते. विजयलक्ष्मी तिचं पूर्ण नाव. टेलिफोन खात्यातून ती रिटायर झाली त्याच वर्षी तिचे अप्पा, म्हणजे माझे आजोबा, गेले, आणि त्यांनी काढलेला ‘राजवाडा युनायटेड’ तिच्या गळ्यात पडला. घरातल्या पुरुषांनी, त्यात माझे वडीलही आले, मोठ्या मनानं तो तिला देऊन टाकला, कारण तो कोणालाच नको होता. तंजावरच्या राजवाड्याशी आमचा संबंध एवढाच की आम्ही त्याच्या मागच्या गल्ल्यांत राहतो. युनायटेड तर आम्ही कधीच नव्हतो.

क्लबनं आजवर एकही कप जिंकलेला नाही. एकदा जिंकलो असतो, पण फायनलच्या दिवशी कप्तानाचं लग्न निघालं आणि निम्मा संघ त्याचे मामेभाऊच असल्यामुळे मांडवात अडकला. तरी जिल्ह्यातले सगळे संघ आमच्याशी खेळायला उड्या मारत यायचे. आजोबांचा नियम होता: बाहेरगावचा संघ आपल्या दारातून उपाशी जाणार नाही. सकाळी आठला मॅच, ती आम्ही हरायची, मग आमच्या घरी केळीच्या पानावर पंगत. वाढायचं आम्ही खेळाडूंनी. पाहुणे उठल्याशिवाय आपण बसायचं नाही, हेही आजोबांचंच. मी गोलकीपर, त्यामुळे सांबाराची बादली माझ्याकडे. हातातून काही निसटत नाही असा आत्याचा माझ्याबद्दल समज आहे.

गेल्या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. आमची डिव्हिजन सगळ्यात खालची, आणि तिच्यात तळाला राहणारा क्लब बाद होणार असं ठरलं. म्हणजे क्लब संपलाच. शेवटच्या मॅचमधून निदान बरोबरी हवी होती, आणि समोर होता पापनाशमचा संघ, ज्याला कपसाठी फक्त ही मॅच जिंकायची होती. आत्या आठवडाभर नीट जेवली नाही. “अप्पांनी दिलेलं एवढं एकच,” म्हणायची, “तेही माझ्या हातून जायचं.”

त्यात सकाळी मैदान कुठल्याशा शाळेच्या कवायतीला दिलं गेलं आणि मॅच गेली दुपारी तीनवर. पापनाशमला कुणी कळवलंच नाही. पोरं सकाळच्या बसनं येऊन आमच्या ओट्यावर बसली. स्वयंपाक पहाटेच सुरू झालेला, पुरण वाटून तयार. बारा वाजता आत्यानं पानं मांडायला सांगितली.

आमच्या तंजावरच्या मराठी घरातला आग्रह ज्यानं सोसलाय त्यालाच पुढचं समजेल. डांगर पच्चडी झाली, सांबार झालं, पुरणपोळ्या आल्या. पोरं पानावर दोन्ही हात आडवे धरून “पोदुम, अम्मा, पोदुम” करत होती. आत्या हात बाजूला सारून पोळी ठेवायची आणि पोळीवर तुपाची धार धरायची. शपथेवर सांगतो, तिच्या मनात तिळमात्र कपट नव्हतं. पानावरचा माणूस पुरे म्हणतो तो संकोचानं, असं तिला मनापासून वाटतं. पायसमची दुसरी फेरी झाली तेव्हा त्यांचा कप्तान इळंगोवन खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. पंगत इतकी लांबली की आम्हाला न जेवताच मैदान गाठावं लागलं.

पहिल्या हाफमध्ये आम्ही पळत होतो आणि पापनाशम डुलत होतं. त्यांचा एक डिफेंडर कॉर्नरला चक्क बसला. आमच्या भरद्वाजनं अख्ख्या सीझनमधला पहिला गोल मारला, आणि चेंडू आत जाऊनही कुणी नाचलं नाही, कारण गोल झाल्यावर काय करतात ते आम्ही विसरलो होतो.

हाफटाइमला इळंगोवन पोट धरून रेफ्रीकडे गेला. तासभर विश्रांती मिळेल का? रेफ्री म्हणाला, समोरचा क्लब कबूल असेल तर माझी हरकत नाही. सगळे आत्याकडे बघायला लागले. एक नकार दिला असता तर क्लब वाचत होता. आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पोरांकडे, आणि होकाराची मान हलवली.

मी भडकलो. “आत्या, क्लब जाईल.”

“कसाला ओरडतोस? माझ्या पानावरनं उठलेत ते,” ती म्हणाली. “जेवलेल्या पाहुण्याला तसंच पाडायचं? वर गेल्यावर अप्पा मला घरात घेतील काय? अत्तां तुम्ही पण जेवून घ्या.”

उरलेलं जेवण रिक्षानं मैदानावर आलं. आता आम्ही सकाळपासून उपाशी आणि आग्रहाला आत्या. मी चार पोळ्या खाल्ल्या. पाचवी तिनं वाढली.

दुसऱ्या हाफमध्ये पापनाशमची पोरं झोप काढून ताजीतवानी, आणि आम्ही जागच्या जागी. त्यांनी लगेच बरोबरी केली. मग आमच्याच गोलसमोर ठाण मांडलं. शेवटच्या मिनिटाला इळंगोवननं समोरून शॉट हाणला. चेंडू येताना मला स्वच्छ दिसत होता. बाजूला झेप घ्यावी असं मनात आलंही, पण शरीरानं साफ नकार दिला. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो आणि चेंडू थेट माझ्या पोटावर आदळला. त्याला मिठी मारून मी खाली बसलो. शिट्टी वाजली.

पोरं माझ्यावर येऊन पडली तेव्हा मी विनवण्या करत होतो की पोटावर नको. रघोजी नावाचा आमचा सभ्य, शाळामास्तर कप्तान गोलच्या खांबाचे मुके घेत होता.

इळंगोवन आत्यासमोर येऊन उभा राहिला. आत्याचं तोंड उतरलं. “माझ्या जेवणानं तुमचा कप घालवला, राजा,” ती तमिळमध्ये म्हणाली.

“असू दे, अम्मा. पुढच्या वर्षी तुम्ही पापनाशमला खेळायला या. आम्ही जेवायला घालतो.”

पुढच्या वर्षी. हे दोन शब्द आमच्या घरात कित्येक महिन्यांत कुणी उच्चारले नव्हते. आत्यानं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. दोन्ही चाललं होतं. मग तिनं डोळे पुसले आणि त्या पोराच्या गालावरून हात फिरवला.

“येतो,” ती म्हणाली. “पण आधी मॅच. जेवण मागून.”