साहेबांची काठी आणि शकूचा पाट

बसलेल्या शकूच्या कमरेला पाणी लागलं होतं, आणि साहेब कोरड्या वाळूत उभे राहून मला सांगत होते की असं होऊच शकत नाही.

"सोनाबाई, मी लेव्हल बघून काठी रोवली होती!"

काठी दिसत नव्हती. ती केव्हाच बुडाली होती. शकू मात्र दिसत होती. समोर वाळूच्या उंचवट्यावर फतकल मारून शिंपले ओळीनं लावत होती. ओळ पाण्याखाली गेली तरी चाचपून लावतच होती. तिच्या आणि आमच्या मधल्या खोलगट जागेत पाणी शिरलं होतं. बाईसाहेब किंचाळत होत्या. मी नुकतीच खोलीवरून शकूचा पाट डोक्यावर घेऊन आले होते.

मागचं थोडं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

मी आया. चाळीस वर्षं परंड्यात साहेब लोकांची लेकरं सांभाळली. लोकांना वाटतं आया म्हणजे अंगाई म्हणणारी बाई. अंगाई आईनं म्हणावी. आयानं लेकराला काय खुपतं ते ओळखावं, पगार त्याचा असतो. माझं शिक्षण चौथी. बाकीचं शिक्षण येरमाळ्याच्या बाजूला बापाच्या मेंढरांत झालं. मेंढराला पुढं ओढलं की ते मागं सरतं, एवढं मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. साहेब लोकांना मोठ्या परीक्षा देऊनही ठाऊक नसतं.

निजाम जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि नवे तलाव बांधायला नवे साहेब आले होते. आमचे साहेब त्यांतले ओव्हरसियर. त्यांची एकुलती एक लेक शकू, वय आठ. बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. चिंचोके ओळीनं लावायची, ओळ मोडली की भिंतीवर डोकं आपटायची. जेवायची ती फक्त स्वतःच्या निळ्या पाटावर बसून, भाकरीचे चार सारखे तुकडे केले तरच. तीन केले तर उपाशी.

त्या काळी याला नाव नव्हतं. म्हणजे होतं, येडी. अलीकडं माझ्या नातसुनेनं सांगितलं, ऑटिझम म्हणतात. बरं झालं, नाव मिळालं. भाकरीचे तुकडे तरीही चारच करावे लागतात.

सोलापूरच्या एका डॉक्टरनं साहेबांना सांगितलं, समुद्राची हवा दाखवा, पोरगी बोलायला लागेल. साहेबांनी ठरवलं, मे महिन्यात कोकण. आणि बाईसाहेबांना माझ्यादेखत सांगितलं, "या प्रवासात नीट वागली तर ठीक. नाहीतर वेड्यांच्या इस्पितळाचा फॉर्म मी भरून ट्रंकेत ठेवलाय. फक्त सही राहिलीय."

बाईसाहेब चहा गाळत होत्या. गाळणी हातात तशीच राहिली.

साहेबांनी फुलस्केप कागदावर प्रोग्राम लिहिला. सकाळी आठ ते दहा समुद्रदर्शन. दहा ते अकरा हवा घेणे. हवा इथंही फुकट होती, पण तिला प्रोग्राम नव्हता. माझा प्रोग्राम कागदावर नव्हता. मी महिनाभर शकूला रोज यष्टी स्टँडवर नेलं. पहिल्या दिवशी लांब लिंबाखाली उभी केली. हॉर्न वाजला की कानावर हात ठेवायचे, हे मी करून दाखवलं. मग रोज दहा पावलं पुढं. विसाव्या दिवशी आम्ही उभ्या गाडीत जाऊन बसलो.

कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, आज तरी जायचं का नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. तुझी गाडी तरी कुठं वेळेवर जाते?"

त्यानं नंतर विचारलं नाही. उलट शकूची खिडकी रोज मोकळी ठेवायचा.

कुर्डुवाडीपर्यंत यष्टी, तिथून छोट्या रेल्वेनं मिरज, मग कोल्हापूर आणि पुन्हा यष्टीनं घाट. शकू कानावर हात ठेवून, पाटावर बसून, सगळा प्रवास नीट आली. ओकले ते साहेब.

समुद्रावर पहिल्याच सकाळी साहेब म्हणाले, "पाट खोलीवरच राहू दे. समुद्रावर पाट घेऊन कोण जातं? लोक हसतील."

"साहेब, ती पाटाशिवाय जेवायची न्हाय."

"भूक लागली की जेवेल. लाड पुरे."

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी लांब होतं. साहेबांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. तलावावर ते असंच करायचे. तलावाचं पाणी दिवसात बोटभर हलतं. "काठीच्या अलीकडं कुठंही खेळू दे," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, इथल्या कुणाला तरी विचारून घ्या. ते हसले. "पाण्याचं मला शिकवतेस? तलाव मी बांधतो का तू?"

खरं सांगायचं तर मीही त्या काठीवर विश्वास ठेवला. मी तरी कुठं समुद्र बघितला होता?

जेवायच्या वेळी शकू आली नाही. यायचीच नव्हती. बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "सोना, तू पाट आण जा." खोलीवर जाऊन यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात साहेब तोंडावर पेपर घेऊन झोपले. दोन रात्रींच्या जागरणानं बाईसाहेबांचाही डोळा लागला. आणि ज्याला कुणी प्रोग्राममध्ये घेतलं नव्हतं ते पाणी आलं.

मी पोचले तेव्हा कसं होतं ते वर सांगितलंच आहे.

साहेब एकदाचे पाण्यात शिरले. शकूचा दंड धरून ओढलं. ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली आणि दोन हात आणखी आत जाऊन बसली. लाट तिच्या छातीवर फुटली. साहेब पुन्हा सरसावले.

मी ओरडले, "साहेब, ओढू नका! मागं व्हा!"

"मरेल ती!"

"तुम्ही ओढलं तर मरेल. व्हा मागं!"

साहेबांना आयानं असं बोलायची पद्धत नव्हती. पण ते झाले मागं.

मला पोहता येत नाही. पाट पुढं धरून मी खोलगटात उतरले. पाणी छातीला लागलं, पाय वाळूत रुतत होते. पाट लाकडाचा, तो तरंगला. शकूपुढं नेला आणि ताटलीवर ठोकते तसे त्याच्यावर दोन टोले दिले. घरी जेवायला बोलवायचे टोले.

तिनं पाटाकडं बघितलं. माझ्याकडं नाही. मग हातातले शिंपले सोडून दोन्ही हातांनी पाटाच्या कडा धरल्या. पाट हलतोय, आपली जागा निघून चाललीय, हे तिला खपायचं नाही. ती पाट सोडणार नव्हती.

मी पोरीला ओढलं नाही. पाटाला ओढलं. पाटामागं पोरगी आली. मध्ये एकदा दोघींच्या डोक्यावरून पाणी गेलं, तरी तिनं कडा सोडल्या नाहीत. मग मीही सोडल्या नाहीत.

कोरड्या वाळूत पाट टेकवला. ती त्यावर बसली, नाकातोंडातून पाणी काढलं आणि ताटलीसाठी हात पुढं केला. मी भाकरीचे चार तुकडे केले. चारही सारखे.

मासे घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "भरतीची वेळ इचारलात नाय कुणाला?"

साहेब मनगटाला रुमाल बांधत म्हणाले, "माझा अंदाज चुकला."

बाईसाहेब आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवून बोलल्या. "चुकला ना? मग तुमचा फॉर्म भरायचा का आता? कुठल्या इस्पितळात टाकायचं तुम्हाला?"

परंड्याला परत आल्यावर मी ट्रंक उपसली तेव्हा तो फॉर्म त्यात नव्हता. कुणी काढला ते मी विचारलं नाही. आयानं सगळंच विचारू नये.

समुद्राच्या हवेनं शकू बोलली नाही. डॉक्टरनं पुढच्या वेळी महाबळेश्वर सुचवलं. साहेबांनी डॉक्टर बदलला.

लेकरू घेऊन कुठं जायचं असेल तर आधी लेकराचं सामान बांधावं, मग आपला शहाणपणा. जागा उरली नाही तर शहाणपणा घरी ठेवावा.

साहेब गेले. त्यांच्यामागं बाईसाहेब गेल्या. शकूनं पन्नाशी ओलांडलीय. परंड्यात त्याच घरात आम्ही दोघी राहतो.