घरापासून दहा किलोमीटरवरची सुट्टी

हेमलता टिपणीस दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवायची. तिच्याबद्दल तिच्या सासर-माहेरच्या समस्त मंडळींचं एका बाबतीत कधी दुमत झालं नाही. "हेमाला काय, बारा महिने सुट्ट्याच!" असं सातारा, पुणे, ठाणे सगळीकडे एकमुखानं बोललं जाई. आणि तिला सुट्ट्या आहेत म्हणूनच मंडळी नेमकी त्या सुट्ट्यांत दिल्लीला यायची.

नवरा उल्हास केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, पुढे हातभर अंगण, मुलगी वृंदा नववीत. तीन माणसांना घर पुरून उरायचं, पण तिथे तीनच माणसं अशी वर्षातून कितीदा असायची? मे महिन्यात हरिद्वारला जाणारे, दिवाळीत वैष्णोदेवीहून परतणारे, नाताळात नुसतेच 'दिल्ली बघून घेऊ' म्हणणारे. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाचं डोळ्यांचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीला बघायला यायचं. पाहुण्यांची घडीची खाट अंगणातून आत आणि आतून अंगणात अशी सारखी येजा करायची.

हेमलता बावीस वेळा आग्र्याला जाऊन आली होती. ताजमहाल तिनं नीट पाहिला तो पहिल्या वेळी. पुढच्या एकवीस वेळा ती कुठल्यातरी झाडाखाली पिशव्या, चपला आणि पुरणपोळीचा डबा राखत बसली होती.

बरं, आपण महाराष्ट्रात जावं तर तिथे वेगळीच तऱ्हा. पुण्याला थोरल्या दिरांकडे पाऊल टाकलं की जाऊबाईंच्या मुली गळ्यात पडायच्या. "काकू, दिल्लीचे छोले-भटुरे!" मग सरकारी सवलतीच्या तिकिटावर हजार मैल येऊन हेमलता भर दुपारी तीस माणसांचे भटुरे तळायची. परतीच्या गाडीत बसली की वरच्या बर्थवर तिला अशी झोप लागायची की उल्हासला थेट मथुरेला हलवून उठवावं लागे.

असं सोळा वर्षं चाललं आणि चालतही राहिलं असतं. पण मग ब्याऐंशी साली दिल्लीत एशियाड भरलं. नवे पूल, नवी स्टेडियमं, रंगीत टीव्ही. अख्ख्या टिपणीस कुळाला अचानक हॉकीची गोडी लागली. नोव्हेंबरच्या मध्यापासून तीन आठवड्यांत त्या क्वार्टरमध्ये चौदा माणसं येऊन गेली. शाळा सुरूच होती. हेमलता पहाटे चारला उठून पोळ्या लाटायची, साडेसहाची बस गाठायची आणि वर्गात नकाशावर नर्मदा दाखवता दाखवता तिचं बोट गोदावरीवर जायचं.

शेवटचा पाहुणा गेला त्या संध्याकाळी उल्हास हात चोळत म्हणाला, "चला, सुटलो! नाताळात मस्त पुण्याला जाऊ या. तुलाही जरा ब्रेक मिळेल."

 हेमलताच्या डोळ्यांपुढे भटुऱ्यांची कढई आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बसथांब्याकडे वळली नाही. मेन बाजारातल्या एका गल्लीत गुरमुखसिंगांचं छोटं हॉटेल होतं. घरात मावेनाशी माणसं झाली की ती इथेच खोली घ्यायची, त्यामुळे सरदारजी तिला चांगलं ओळखत. तिला पाहताच त्यांनी रजिस्टर उघडलं.

"आओ मॅडमजी! इस बार कितने मेहमान?"

"एक," ती म्हणाली. "तीन दिन के लिए. छब्बीस तारीख से."

"नाम?"

"हेमलता टिपणीस."

सरदारजींनी पेन थांबवलं. "वो तो आपका नाम है जी. मेहमान का नाम?"

"वही तो बता रही हूँ."

सरदारजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आवाज खाली आणून अगदी बापाच्या काळजीनं विचारलं, "घर में सब ठीक है ना, बेटा?"

"बिल्कुल ठीक," हेमलता म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. "घर ठीक है, साहब ठीक हैं. बस, मुझे मेहमान बनना है."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. वर म्हणाले, "गच्चीवाली खोली देतो. तिथे ऊन चांगलं येतं." अर्थात हे ते पंजाबी ढंगाच्या हिंदीत म्हणाले, पण हेमलताच्या कानांना त्या क्षणी ते माहेरच्या भाषेसारखं वाटलं.

घरी सांगणं मात्र इतकं सोपं नव्हतं. उल्हास जेवता जेवता थांबला.

"हॉटेलात? घर दहा किलोमीटरवर असताना?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळलं तर ना."

तो बराच वेळ ताटातल्या भाताला वळण देत बसला. मग हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का गं?"

तिला गलबलून आलं. माणूस वाईट नव्हताच. पाहुण्यांना स्टेशनवर आणायला-सोडायला तोच जायचा, तिकिटांच्या रांगा तोच लावायचा. "तुमचं काही चुकलं नाही हो," ती म्हणाली. "पण मला तीन दिवस कुणी काही विचारायला नको आहे. टॉवेल कुठाय, मीठ कुठाय, कुतुब किती वाजता बंद होतो. या घरात मी असले की मला ते विचारलं जाणारच. तुम्ही नाही विचारलंत तर भिंती विचारतील."

वृंदा उडालीच. "आई, सच्ची? एकटी राहणार तू? यार, मला पण यायचंय!"

"तू आलीस की विचारशील, माझा कंगवा कुठाय."

"माझा कंगवा खरंच कुठाय?" वृंदा म्हणाली, आणि मग तिघंही हसली. पुण्याचा बेत रद्द झाला.

सव्वीस डिसेंबरला हेमलता एक छोटी बॅग घेऊन गच्चीवरच्या खोलीत दाखल झाली. आणि पहिला दिवस साफ फसला. सवयीनं तिनं आल्या आल्या चादर झटकली, खिडकीची धूळ पुसली, चहा आला तो पिऊन कप विसळून ठेवला. मग बसून राहिली. दारावर कुणी टकटक करत नव्हतं, तर कान तिकडेच. दुपारी पाय मोकळे करायला बाजारात गेली. परत आली तेव्हा सरदारजींनी तिच्या हाताकडे बघितलं.

"मॅडमजी, ये क्या?"

तिच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. हिरवीगार, ताजी, भाव करून घेतलेली मेथी. घेतली कधी, हे तिला आठवेना. तिनं कपाळावर हात मारला. सरदारजींनी जुड्या काढून घेतल्या आणि मागच्या बाजूच्या आपल्या बिऱ्हाडात धाडल्या. रात्रीच्या जेवणात मेथीचे पराठे आले. तिनं निवडली नव्हती, मळलं नव्हतं, लाटलं नव्हतं. पहिला घास खाल्ला आणि तिला कळलं की गेल्या सोळा वर्षांत गरम पराठा तिनं बसून खाल्लाच नव्हता. चार खाल्ले. आठ वाजता झोपली ती सकाळी साडेआठला उठली.

दुसऱ्या दिवशी अंगात वेगळंच वारं होतं. कॅनॉट प्लेसला जाऊन तिनं दिल्ली दर्शनच्या बसचं तिकीट काढलं. सीट नंबर अकरा, खिडकीची. गाइड पोरगेलासा होता आणि बेधडक होता. हुमायूँच्या कबरीपाशी त्यानं बापाला मुलगा आणि मुलाला बाप करून टाकलं. भूगोल शिकवणारी असली तरी हेमलता शाळेतली बाईच होती. तिचा हात वर्गातल्यासारखा अर्धा उचलला गेला. मग तिनं तो शालीत घातला. असू दे बाप, असू दे मुलगा. आज तो तिचा प्रश्न नव्हता. हा विचार मनात आला आणि मानेत कुठेतरी वर्षानुवर्षं आवळलेली गाठ सैल झाल्यासारखं तिला वाटलं.

कुतुबला पोचेपर्यंत धुकं विरून गोड ऊन पडलं होतं. तिथल्या लोखंडी खांबाला पाठ लावून मागे दोन्ही हात जुळवले की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. तिनं आजवर कितीतरी पाहुण्यांना तिथे उभं केलं होतं, त्यांच्या पर्सा धरल्या होत्या, "थोडं अजून, थोडं अजून" म्हणून हुरूप दिला होता. स्वतः कधी उभी राहिली नव्हती. आज शेजारच्या सीटवरच्या बंगाली बाईंच्या हातात तिनं आपली पर्स दिली आणि खांबाला पाठ टेकली. लोखंड गार होतं. बोटं दोन इंचांनी कमी पडत होती. बंगाली बाईंनी मागे जाऊन तिची मनगटं धरून ओढली, बोटांना बोटं लागली आणि दोघी शाळकरी मुलींसारख्या ओरडल्या. इच्छा धरायचं मात्र ती साफ विसरली.

मग ती हिरवळीवर शेंगा सोलत बसली. आणि तेवढ्यात तिनं समोर पाहिलं.

फाटकातून उल्हास येत होता. एका खांद्यावर थर्मास, दुसऱ्यावर कॅमेरा, बगलेत चटई, हातात डबा. मागे वृंदा, आणि तिच्या मागे साताऱ्याचे चुलत दीर भाऊसाहेब आणि त्यांच्या पत्नी सुमित्रा. म्हणजे पाहुणे आले होते!  हेमलता अर्धी उठलीसुद्धा. भाऊसाहेबांना तिखट चालत नाही, सुमित्रावहिनींचे गुडघे दुखतात, घरात साखर संपत आलेली...

उल्हासनं तिला पाहिलं. क्षणभर तो जागच्या जागी थिजला. हेमलताला वाटलं, आता हाक येणार. पण त्यानं काय करावं? थर्मास सावरला, तिच्याकडे न पाहता हात उलट्या दिशेला केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, इकडून चला! तिकडे बघण्यासारखं काही नाही. नुसतं गवत आहे!"

वृंदानंही आईला पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि आई आणि सुमित्राकाकूंच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली. सगळी वरात मिनाराच्या पलीकडे वळली. जाता जाता उल्हासचा आवाज येत होता, "हा मिनार बांधला, म्हणजे बघा... फार जुना आहे हा..."

हेमलता गवतावर परत बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस कुतुबमिनाराबद्दल एक अक्षर जाणत नव्हता, आणि त्याच्यावर तिचं त्या दिवसाइतकं प्रेम लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही नव्हतं. ती उठली नाही. शेंगा संपवल्या. मान मागे टाकून मिनाराच्या टोकापर्यंत निवांत पाहिलं, आणि बसचा भोंगा वाजल्यावरच जागेवरून हलली.

तिसऱ्या दिवसानंतर ती घरी परतली तेव्हा पाहुणे होतेच. भाऊसाहेबांचं पत्र त्यांच्या नंतर एक दिवसानं पोचलं होतं. ओटा जागोजागी पिठानं माखलेला, डब्यांची झाकणं अदलाबदल झालेली. उल्हासनं तीन दिवस पिठलं-भात रांधला होता आणि भाऊसाहेब खुशीत होते. "वहिनी, शिक्षकांचं शिबिर कसं झालं?" त्यांनी विचारलं.

हेमलतानं उल्हासकडे पाहिलं. उल्हासनं छताकडे पाहिलं. आणि वृंदाला हसू आवरेना. "काका, शिबिर कुठलं! आई पहाडगंजला हॉटेलात होती. सुट्टीवर!"

 भाऊसाहेब खाकरले, त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि ते बराच वेळ एकाच पानावर राहिले. हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात शिरली. मागोमाग सुमित्रावहिनी आल्या. साताऱ्याच्या अकरा माणसांच्या घरात तीस वर्षं नांदलेल्या बाई. आता काय ऐकून घ्यावं लागणार, म्हणून हेमलता पाठमोरीच उभी राहिली.

वहिनींनी दार लोटलं. गॅसजवळ येऊन अगदी कानाशी म्हणाल्या, "हेमा, तिथे दोन खाटांची खोली मिळते का गं?"

पुढच्या नाताळात झेलम एक्स्प्रेसनं सुमित्रावहिनी एकट्या आल्या. भाऊसाहेबांनी आधी आकाशपाताळ एक केलं, आणि मग स्वतःच त्यांना गाडीत बसवायला पुण्यापर्यंत गेले. त्या खेपेला दोघी सरोजिनी नगरात फिरकल्याच नाहीत. गुरमुखसिंगांनी त्यांना गच्चीवर दोन खुर्च्या टाकून दिल्या आणि मधल्या तिपाईवर संत्र्यांची टोपली ठेवली. दोघींनी तीन दिवस पलीकडच्या गच्चीवरच्या पतंगांच्या काटाकाटीवर पैजा लावल्या. वहिनी सगळ्या जिंकल्या.

हा शिरस्ता बारा वर्षं चालला. पाहुणे यायचे थांबले नाहीत, हेमलतालाही ते थांबायला नको होते. ती हौसेनं करायची, भटुरेही तळायची. फक्त डिसेंबरचे ते तीन दिवस कुणी तिच्याकडे मागत नसे. कुणी दिल्लीला यायचं ठरवलं की उल्हास आधीच पत्रात लिही, "सव्वीस ते अठ्ठावीस सोडून या, किंवा पिठल्याची तयारी ठेवून या."

उल्हास निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादला छोटा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सुमित्रावहिनी आल्या होत्या, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. पाहुण्यांनी भरलेल्या त्या नव्या दिवाणखान्यात त्यांनी हेमलताला कोपऱ्यात ओढलं आणि पर्समधून दोन तिकिटं काढून दाखवली. डेहराडूनची होती. पुढे मसुरीला.

"वहिनी, परतीची कुठायत?" हेमलतानं विचारलं.

"ती तिथे गेल्यावर बघू," वहिनी म्हणाल्या.