घरबसल्या की वॉर्डात

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची मुख्य म्हणजे आमची चमचाताई. एप्रनच्या खिशात चव घ्यायचा चमचा कायम, म्हणून हे नाव. बाईची जीभ अशी तिखट, की फोडणीला वेगळी मिरची नको! पण त्या दुपारी तिच्याच तोंडाला कोरड पडली होती.

झालं काय, की आहारतज्ज्ञाची जागा रिकामी झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आहारशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश घे, जागा तुझी. दूरशिक्षणातून केलंस तरी चालेल." मुदत आज संध्याकाळपर्यंत. कोर्स दोन. एक अगदी घरबसल्या. दुसऱ्यात दरवर्षी महिनाभर परगावच्या हॉस्पिटलात जाऊन वॉर्डात काम करायचं.

आणि घरी सासूबाईंना रोज इन्सुलिन, तेही ताईनेच टोचायचं! नवरा किल्ल्या बनवणारा. कुठलंही कुलूप उघडेल, पण सुई दिसली की गडी भिंत धरतो. "घरबसल्याचा घे, विषय संपला," असं सकाळीच म्हणून मोकळा झाला. नवऱ्यांचे विषय बरे पटकन संपतात!

ताईनेही मनाची समजूत घातली. घरबसल्या कोर्सवाल्याचा फोन आला तो नेमका ट्रे भरायच्या वेळी. मान वाकडी करून खांद्याशी फोन धरलेला, हात ट्रेवर चिठ्ठ्या लावताहेत. गुलाबी चिठ्ठी किडनीवाल्यांची, हिरवी साध्या जेवणवाल्यांची.

"मॅडम, हो म्हणा, लगेच नाव घालतो."

"घाला..." म्हणतेय तोच ढकलगाडी वर गेली, आणि ताईची नजर ओट्यावर राहिलेल्या ट्रेवर पडली. बिनमिठाचा, बिनफळाचा, म्हणजे किडनीवाल्यांचा, आणि वर हिरवी चिठ्ठी. मग गुलाबी गेली कुठे? केळं ठेवलेल्या ट्रेवर!

"थांबा, घालू नका!" म्हणत तिने फोन बंद केला आणि जिना धरला. लिफ्टची वाट बघायला धीर कुणाला? किडनी बिघडलेल्या माणसाला केळ्यातलं पोटॅशियम म्हणजे हृदयाशी खेळ. वॉर्डात किडनीवाले काका, लग्नाच्या बँडात वाजवणारे, केळं सोलून तोंडाशी नेत होते. ताईने झडपच घातली.

"अहो बाई, चोर आहे का मी?"

"खाल्लंत का? एक तरी घास?"

"कुठला घास! म्हटलं, शेवटी कुणाला तरी माझी दया आली."

ताई मटकन स्टुलावर बसली. "चूक माझी, काका. चिठ्ठी मी चुकवली."

"चुकवा हो. पण एक सांगा, हे नको, ते नको, हे ऐकून कान किटले. उद्या घरी गेल्यावर बायकोनं शिजवायचं काय? मी खायचं काय?"

काय द्यायचं नाही ते ताईला सगळं पाठ, पण या माणसाच्या घरच्या चुलीवर काय चढवायचं, ते सांगता येईना. "डॉक्टरीणबाईंना विचारून सांगते," म्हणाली खरी, पण कानापर्यंत लाल झाली. आहारतज्ज्ञाच्या जागेवर बसल्यावर रोज असंच म्हणणार होती का?

खाली येते तर कोर्सवाला पुन्हा फोनवर. "मॅडम, घालू ना नाव?"

"तुमच्याकडे पेशंट कधी भेटतो हो?"

"व्हिडिओत भेटतो ना!"

"तो उलट प्रश्न विचारतो का?"

"अं?"

"राहू द्या. नाव नका घालू." दुसऱ्या कोर्सचा अर्ज तिने तिथेच ओट्याला टेकून भरला, पाठवला, आणि मगच नवऱ्याच्या दुकानात फोन लावला. आधी लावला असता तर हात अडखळला असता.

"अहो, वॉर्डवाला कोर्स घेतला. आज संध्याकाळपासून सुई टोचायला शिकायचंय तुम्ही."

पलीकडे किल्ली घासणारी कानस थांबली. मग, "मला न विचारता?"

"हो."

"आणि मला भोवळ आली तर?"

"खाली गादी घालते. सासूबाईंना आत्ताच सांगू का?"

"तिला नको! ती म्हणेल, माझ्यावर कशाला शिकतोस, आधी बटाट्यावर शीक."

"बरोबरच म्हणतील."

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. ताईने फोन कानाला दाबून धरला.

"बटाटे," शेवटी तो कुरकुरला, "मोठे आणू की लहान?"