धर्मादादांची रेघ

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि तो माणूस माझ्या कपाटातल्या डब्यांपर्यंत सगळं ओळखून असतो. चार वर्षं झाली. आज तुमच्यापाशी बोलायला बसले तर हात गार पडलेत — हसू नका, खरंच पडलेत. भीती कसली, म्हणाल? सांगते. पण आधी मशीनचं सांगू द्या, नाहीतर काही कळायचं नाही.

माजिवड्याला कामतांचा एक रिकामा गाळा आहे. दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण तिथे जमतो. हौस, दुसरं काही नाही. लाकडात जाळीकाम करतो — देवघराच्या जाळ्या, दारावरच्या पाट्या, गणपतीची मखरं. सगळ्यांत मिळून एक स्क्रोल सॉ आहे. शिवणयंत्र पाहिलंय ना? तसंच समजा. सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं खाली-वर होतं आणि आपण लाकूड फिरवायचं. पात्याचं एक टोक वरच्या चिमट्यात, एक टेबलाखालच्या. खालचा चिमटा दिसत नाही, चाचपूनच आवळावा लागतो. आणि जाळीच्या प्रत्येक भोकासाठी पातं सोडायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं. नियम एकच — स्क्रू बोटांनी आवळायचा. पक्कड लावली की आटे जातात. कामतांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहूनच ठेवलंय.

आमच्यात बाई मी एकटी. सुरुवातीला कामत म्हणायचे, "ताई, राहू द्या, मी आवळतो." प्रेमानेच म्हणायचे हो. पण मला मेलं ते लागायचं. त्यात माझ्या अंगठ्यात संधिवात. जोर यायचा नाही, आणि ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग मी काय केलं — थांबा. आधी धर्मादादा.

धर्मादादा कोपरीचे, कोळी घरातले, तेव्हा सत्तरीला टेकलेले. आम्ही बाकीचे नक्षीचा प्रिंट काढून लाकडावर चिकटवतो. दादा पेन्सिल घ्यायचे आणि थेट फळीवर रेघ ओढायचे. मोर म्हणजे मोर, वेल म्हणजे वेल, एका दमात. खोडरबर त्यांनी कधी मागितलेलं मला आठवत नाही. पातं ओवायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्याशी बोलताना ते मला कधी 'ताई' म्हणाले नाहीत, 'बाय' म्हणायचे, घरातल्या पोरीला म्हणतात तसं.

एका गोष्टीला मात्र ते फार घाबरायचे. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. जाळं विणायची सुई हातात ठरेना, शेवटी शेवटी पेजेची वाटी दुसऱ्याने तोंडाशी धरायची. हे सांगता सांगता दादा नकळत स्वतःचा पंजा समोर धरून बघायचे. आम्ही थट्टा करायचो — "दादा, दगड आहे दगड, हलायचा नाही."

आता सांगते. त्या शनिवारी मी एकटीच गाळ्यावर गेलेले, पाटी पुरी करायला. कुणी नाही बघून मी पक्कड लावली. पहिल्यांदाच नव्हे. पण त्या दिवशी खालचा स्क्रू एकदम मऊ झाला, गोल गोल फिरायला लागला. आटे गेले. मी पॉलिश पेपरचा तुकडा घडी करून चिमट्यात कोंबला, पातं धरल्यासारखं झालं. पातळ प्लाय कापून बघितला — कापला गेला. सोमवारी बघू म्हटलं आणि कुलूप लावून घरी आले. जाड लाकडाला ते धरणार नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

रविवारी दादा फळी घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या जुन्या होडीची, सागवानी, चांगली जाड. तिची गणपतीमागची प्रभावळ करायची होती, दोन्ही बाजूंना मोर, रेघ ओढून तयार. एवढी एकच फळी राहिलेली. मला तोंड उघडायला एक मिनिट पुरलं असतं. मी चहाचे कप विसळत बसले.

पातं रेघ सोडून गेलं. दादांनी लाकूड वळवलं, ते पुन्हा गेलं — आणि मोराची मान आरपार कापली गेली. मशीन बंद झालं. दादांनी मशीनकडे पाहिलंच नाही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माजा हात हालतंय का गो, बाय?"

मलाच का विचारलं? शेजारी मी उभी होते म्हणून. माझ्यावर विश्वास होता म्हणून. आणि मी — मी म्हटलं, "थोडा हलला असेल, दादा."

एवढंच. एवढ्या चार शब्दांना मी चार वर्षं भितेय.

पुढचं त्याहून वाईट आहे. मी चिमट्याचा नवा भाग मागवला, मशीन पुसायचं निमित्त करून कामतांकडून चावी घेतली आणि भर दुपारी बसवून टाकला. माझी चूक मिटली, असं वाटलं. पुढच्या रविवारी कामतांनी तसंच जाड सागवान कापलं — लोण्यासारखं. दादा मागे उभे राहून बघत होते. "मशीन त बरी हाय," ते हळूच म्हणाले. त्यांना तेवढाच पुरावा हवा होता, आणि तो मीच तयार करून ठेवलेला. जाताना त्यांनी आपली पात्यांची डबी माझ्या हातात दिली. मी ती घेतली. अजून वापरते.

दादांनी गाळ्यावर येणं सोडलं, हात डॉक्टरला दाखवला. त्याला काही सापडलं नाही. पण भीतीला कुठे काही सापडावं लागतं? त्यांच्या बायकोने एकदा फोनवर सांगितलं, कप दोन्ही हातांनी धरतात, नातीला उचलून घेत नाहीत, म्हणतात पडेल. मी "हो का" म्हटलं. त्यानंतर त्यांच्या घरून फोन आला की मी तो आधी थोडा वाजू देते. कळलं असेल का? एकदा सांगायचंच म्हणून नारळाच्या वड्या घेऊन कोपरीला गेलेसुद्धा. त्यांच्या गल्लीच्या तोंडापासूनच मागे फिरले. वड्या तशाच परत आणल्या, घरी म्हटलं, उरल्या.

आणि आता, गेल्या महिन्यात, दादा स्वतः माझ्या घरी आले. मुलाने कल्याणला नवं घर घेतलंय, दाराला पाटी हवी. फळीवर नाव त्यांनीच लिहून आणलेलं, पेन्सिलने. खाली बारीक लाटा, वर एक होडी. फळी देताना नजर खाली होती. "रेग हालली हाय बग. तू सरल करून घे."

मी खिडकीशी नेऊन पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. रेघ कुठेच हललेली नव्हती. एकसुद्धा लाट चुकलेली नाही.

तेव्हा तरी सांगायचं ना? फळी तर त्यांच्याच पुढ्यात होती. मी म्हटलं, "ठीक आहे दादा, करते."

मी काहीच सरळ केलं नाही. जिथे त्यांची पेन्सिल, तिथे माझं पातं, बस. मग पॉलिश पेपर घेऊन पेन्सिलीच्या खुणा घासून काढल्या. कामाची रीतच आहे ती, शेवटी खुणा काढायच्याच असतात. पण मी जरा जास्तच घासलं.

पाटी न्यायला ते आले तेव्हा उजव्या पंजाला डाव्या हाताने धरून उभे होते. बराच वेळ बघत राहिले. मग अक्षरांवरून एक बोट फिरवलं, अगदी शेवटच्या लाटेपर्यंत.

"बग," म्हणाले, "किती सरल केलीस तू."

मी पाटी कागदात गुंडाळून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि जिना उतरून गेले.