डाव्या कानात बोललेलं

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बावीस वर्षं बस चालवतोय. अमावास्येलाही घाटातून गाडी काढलीय, पण रस्त्यात टाकलेल्या लिंबू-मिरचीपलीकडे काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

मांजरीहून माणसं भरून हिंजवडीच्या कंपनीत सोडायची, हे माझं काम. म्हणजे होतं. डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं, त्या बाजूच्या दुचाकीचा हॉर्न ऐकू येईना, आणि ठेकेदाराने मला खाली उतरवून डेपोत वही लिहायला बसवलं. "दोन महिन्यांत कान नीट करून या, नाहीतर बस दुसऱ्याची." माझी बस! सीटकव्हरं मी निवडलेली!

ऑपरेशनला मी एका पायावर तयार होतो. पण डॉक्टरबाई तारीखच देईनात. नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते म्हणे. तिच्यातून पडद्यामागे हवा खेळली पाहिजे, आणि माझी नळी बंद. मी हट्टाला पेटलो तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो ड्रायव्हरसाहेब, हवाच भरता येत नसेल तर पंक्चर काढून करायचंय काय? नवा पडदा आत ओढला जाईल, मग पुन्हा याल माझ्याच नावाने शंख करत."

तपासणी साधी. पडद्याच्या भोकातून कानात औषध सोडायचं आणि आवंढे गिळत बसायचं. नळी उघडत असेल तर थोड्या वेळाने घशात त्याची चव येते. दोनदा गोड औषध घातलं, दोन्ही वेळा अर्धा अर्धा तास गिळत बसलो... चव शून्य! "नाकात स्प्रे मारा, तीन आठवड्यांनी या." तीन आठवडे म्हणायला यांचं काय जातं?

तिसऱ्या वेळी मी ठरवूनच गेलो. पंधरा मिनिटं झाली की म्हणायचं, गोड लागलं. घशात डोकावून कोण बघणार आहे? बायकोला, सुनंदाला, यातलं काही सांगितलं नव्हतं.

बुधवार, सकाळचे सव्वाअकरा. दुसरा मजला. डावीकडे भिंत, उजवीकडे सुनंदा, डाव्या कानात औषध आणि वर कापसाचा बोळा. बाई विचारायला आल्या. मी तोंड उघडलं — आणि डाव्या कानात, त्या बंद कानात, स्वच्छ आवाज आला.

"कडू हाय ते. पण तुला लागलंय का?"

आप्पा. माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमचं गुऱ्हाळ होतं. उसाचा पाक झाला की नाही हे बघायला आप्पा त्याचा थेंब पाण्यात टाकायचे. त्याची गोळी झाली की मगच काहील, म्हणजे पाकाची मोठी कढई, चुलीवरून उतरवायची. कॉलेजात असताना एकदा मला मॅचला पळायचं होतं. मी न बघताच ओरडलो, "गोळी झाली!" काहील उतरली आणि गूळ बसलाच नाही. सगळी चिकट घाण. आप्पांनी हात उगारला नाही. एवढंच विचारलं, "तुला दिसली का?" त्याऐवजी दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भिंतीकडे काय बघताय?" सुनंदा म्हणाली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी बाईंना म्हणालो, "नाही. काहीच लागत नाही."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "बरं झालं खरं बोललात. दोनदा फेल झालेला पेशंट तिसऱ्यांदा हमखास गोड लागलं म्हणतो. म्हणून आज न सांगता कडू थेंब घातले होते."

मी पुन्हा भिंतीकडे बघितलं.

बाईंनी ठेकेदाराला चिठ्ठी लिहिली, याला आणखी मुदत द्या म्हणून. तो कुरकुरला, पण दिली. नाकाच्या ॲलर्जीवर रीतसर औषधं झाली. चौथ्या वेळी सहाव्या मिनिटाला घशात असं कडूजहर उतरलं की मी दवाखान्यातच ओरडलो, "लागलं, लागलं!" लोक बघत राहिले. मग ऑपरेशन झालं आणि नवा पडदा नीट धरला.

लोक म्हणतात, मनाचे खेळ. असतील. मग थेंब कडू आहेत हे माझ्या मनाला कोणी सांगितलं? बाईंनी? त्या तर कोणाला पत्ता लागू देत नाहीत. उत्तर शोधून शोधून डोकं उठलंय.

बस परत मिळाली. डावीकडचा प्रत्येक हॉर्न ऐकू येतो. सगळे उतरले की मी कधी कधी इंजिन बंद करून, डावा कान खिडकीकडे करून बसतो. "लागलं हो आप्पा," असं एकदा मोठ्यानेही म्हणून पाहिलं.

कान आता चांगला झालाय. त्यांचं काही ऐकू येत नाही.